सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकांच्या हालचालक्षमतेचे वर्गीकरण : स्वरूप व मर्यादा

गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी अथवा जन्मानंतरच्या प्रारंभीच्या काळात विकसनशील मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल व अंगस्थिती यांच्या नियंत्रणात जे कायमस्वरूपी दोष निर्माण होतात, त्यांना सेरेब्रल पाल्सी अथवा मेंदूचा पक्षाघात असे संबोधले जाते. निदानानंतर पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : मूल चालेल का? या प्रश्नाचे उत्तर देण्यास पूर्वीचे वर्गीकरण अपुरे होते. शरीराची एक बाजू बाधित आहे की दोन्ही पाय, एवढेच त्यातून कळत असे. 'सौम्य', 'मध्यम', 'तीव्र' या शब्दांना तर ठराविक अर्थच नव्हता. एका तज्ज्ञाचे 'मध्यम' ते दुसऱ्याचे 'तीव्र'.

ही उणीव दूर करण्यासाठी रॉबर्ट पॅलिसानो, पीटर रोझेनबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात 'ग्रॉस मोटर फंक्शन क्लासिफिकेशन सिस्टीम' ही पद्धती विकसित केली. २००७ च्या सुधारित आवृत्तीत १२ ते १८ हा वयोगट समाविष्ट झाला. तीत पाच स्तर आहेत. शालेय वयात पहिल्या स्तरावरील मूल कठडा न धरता जिना चढते, तर दुसऱ्या स्तरावरील मुलास कठडा लागतो. तिसऱ्या स्तरावर वॉकर किंवा कुबड्यांसारखे हाताने धरावयाचे साधन आवश्यक ठरते. चौथ्या स्तरावर बहुतांश ठिकाणी चाकाची खुर्ची लागते. पाचव्या स्तरावर मान व धड सावरणेही कठीण असते.

मूल सर्वोत्तम परिस्थितीत काय करू शकते याची नोंद येथे होत नाही. घरी, शाळेत व परिसरात ते नेहमी काय करते, हे पाहिले जाते. उपचारकक्षात आधाराने दहा पावले टाकणारे मूल एरवी खुर्चीतूनच नेले जात असेल, तर त्या दहा पावलांवरून स्तर ठरत नाही. पालकांना हे मान्य होणे अवघड जाते, हेही समजण्यासारखे आहे. दोन वर्षांपूर्वी ठरविलेला स्तर मात्र पुढे पुन्हा तपासणे इष्ट.

रोझेनबॉम यांच्या गटाने २००२ मध्ये ऑन्टारिओतील ६५७ बालकांच्या निरीक्षणांवरून प्रत्येक स्तराचा विकास-आलेख मांडला. पहिल्या स्तरावरील मुले आपल्या अपेक्षित कमाल कारकक्षमतेचा ९० टक्के टप्पा सरासरी ४.८ व्या वर्षी गाठतात, पाचव्या स्तरावरील २.७ व्या वर्षी. हा टप्पा लवकर गाठला जाणे ही शुभवार्ता नव्हे. तेथे कमाल मर्यादाच खालची असते. 'मूल चालेल का' या प्रश्नास प्रथमच आधारयुक्त, जरी कठोर, उत्तर मिळाले. ही सरासरी आहे, व्यक्तीचे भाकीत नव्हे, हे समुपदेशकाने स्पष्ट करावयास हवे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ती टक्केवारी आणि हा स्तर या भिन्न गोष्टी आहेत. एकावरून दुसरी काढता येत नाही. बुद्धी किंवा वाणीविषयीही स्तर काहीच सांगत नाही. हातांच्या वापरासाठी २००६ मध्ये व संवादासाठी २०११ मध्ये स्वतंत्र वर्गीकरणे प्रसिद्ध झाली, ती यासाठीच. चौथ्या स्तरावरील विद्यार्थी पदवीच्या वर्गात येतो, तेव्हा त्या स्तरावरून महाविद्यालयास त्याची आकलनशक्ती कळत नाही. वर्ग तळमजल्यावर हवा आणि दारातून खुर्ची आत जावयास हवी, एवढे मात्र कळते.