क्षय आणि घरातले ताट

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली उजेडात आणला. पुढे गुणकारी औषधेही हाती आली. तथापि हा राजरोग आपल्या देशातून अद्याप हटलेला नाही. घरात एकाला क्षय जडला, की इतरांनाही त्याची बाधा होण्याचे भय असते. अर्धपोटी देहात जंतूंना थोपविण्याचे बळ उरत नाही, हे वैद्यकास ठाऊक होते. परंतु पुरेशा अन्नाने रोग टळतो काय?

याची रीतसर कसोटी झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात झाली. डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० रुग्णांच्या १०,३४५ कुटुंबीयांवर लक्ष ठेवले. शिधा सर्वच रुग्णांना दिला. कुटुंबीयांपैकी मात्र एकाच गटाला दरमहा तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे पुरविली. ‘लॅन्सेट’ने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, त्या गटात क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले.

औषधाची जागा अन्न घेऊ शकत नाही, हे खरेच. पण रुग्णाचे पथ्यपाणी सांभाळताना त्याची शुश्रूषा करणाऱ्यांच्या ताटाकडेही पाहावयास हवे. सर्वांच्या मागून जेवणारी, उरल्यासुरल्यावर भागविणारी गृहिणी त्यांत पहिली.