भाव उतरेना, घर विकेना

२०१३ ते २०२० या काळात मुंबई-पुण्यात ज्यांनी फ्लॅट विकायला काढला, त्यांच्या वाट्याला साधारण सारखंच नाटक आलं. आधी रविवारच्या पुरवणीत 'मालक स्वतः, एजंट नकोत' अशी तीन ओळींची जाहिरात. महिन्याभराने नाइलाज म्हणून त्याच एजंटांकडे किल्लीची एकेक प्रत. मग सुट्टीच्या दिवशी येणारी कुटुंबं. ती नळ सोडून पाण्याचा दाब बघतात, 'कार्पेट किती बसेल?' विचारतात, बाल्कनीत जरा रेंगाळतात आणि 'कळवतो' म्हणून लिफ्टकडे वळतात. घर बंद असलं तरी सोसायटीचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला हजर. त्या वर्षांबद्दल आज बोलताना 'मार्केट बसलं होतं, गिऱ्हाईकच नव्हतं' असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. गिऱ्हाईक होतं, नाहीतर नळ कोण सोडून बघत होतं? नव्हता तो भावाला खाली उतरायला जिना. बिल्डरांनी स्वतःपुरता एक जिना मागच्या बाजूने काढून घेतला होता. रीसेलवाल्या मालकाला तो बांधता आला नाही, आणि यात त्याच्या हट्टापेक्षा कायद्याच्या रचनेचा हात मोठा होता.

मंदीत सगळ्यांचाच माल पडून असतो. सल्लागार संस्थांच्या अहवालांत एकट्या मुंबई महानगर प्रदेशात न विकलेल्या नव्या घरांचा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला होता. तरी बिल्डरच्या माहितीपत्रकातला चौरस फुटाचा दर फारसा हलला नाही, कारण घट दरात दाखवायचीच नव्हती. स्टॅम्प ड्युटी आमच्याकडे, पार्किंग फुकट, मॉड्युलर किचन वर, आत्ता वीस टक्के भरा आणि बाकीचे ताबा घेताना. करारनाम्यावरची रक्कम तीच राहिली, त्यामुळे कर्जाचा हिशेब बिघडला नाही आणि आधी महाग घेतलेला शेजारीही भांडायला आला नाही. यातल्या काही योजना इतक्या बोकाळल्या की जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेला गृहवित्त कंपन्यांना आवरावं लागलं. कुणी म्हणेल, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पारडं रीसेलकडे झुकायला हवं होतं. बांधकाम चालू असलेल्या घरावर १२ टक्के, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या किंवा जुन्या घरावर शून्य. कागदावर हा फायदा चांगला घसघशीत होता. पण 'जीएसटीसकट किंमत' असा फलक लावून अनेक बिल्डरांनी तो गिळला, आणि १ एप्रिल २०१९ पासून दरच ५ टक्क्यांवर, परवडणाऱ्या घरांसाठी १ टक्क्यावर आला. जुन्या घराच्या मालकाकडे लपवायला किचनही नव्हतं आणि पार्किंगही. त्याच्याकडे होता एक आकडा, आणि त्या आकड्याखाली रेडी रेकनरची, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी राज्याने ठरवलेल्या किमान दरांची, फरशी.

ही फरशी नीट बघायला हवी. धनकवडीतल्या किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या फ्लॅटचं रेकनरने काढलेलं मूल्य ८० लाख आहे आणि मालक ७२ लाखांना द्यायला तयार आहे, असं धरू. मुद्रांक शुल्क ८० लाखांवरच भरायचं, इथपर्यंत ठीक. पण आयकर कायद्याच्या कलम ५०सी नुसार विक्रेत्याने घर ८० लाखांनाच विकलं असं मानून त्याचा भांडवली नफा मोजला जायचा. दुसरीकडे घेणाऱ्याला आठ लाखांचा 'लाभ' झाला असं धरून ती रक्कम त्याच्या उत्पन्नात मिळवली जायची. तो तीस टक्क्यांच्या पट्ट्यात असेल तर २ लाख ४० हजार, वर उपकर. म्हणजे जे आठ लाख कुणाच्याच हाती आले नाहीत, त्यांच्यावर दोघांनी कर भरायचा. एजंट हे एका वाक्यात उरकायचे: 'साहेब, रेकनरच्या खाली डील बसत नाही.' मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे दाद मागायची सोय कायद्यात होती आणि आहे. पण टोकन घेऊन दारात उभी असलेली पार्टी करनिर्धारणाच्या निकालापर्यंत थांबत नाही.

पूर्वी या फरशीवर एक गादी असायची. करार रेकनरच्या आसपास करायचा आणि वरचा हिस्सा रोखीत घ्यायचा. बाजार नरमला की आधी ती रोख आटायची, कागदावरचा आकडा तसाच राहायचा. १ जून २०१५ पासून मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यावर बंदी आली, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदीने गादीच काढून घेतली. ती गेली याचं दुःख करायचं कारण नाही. पण गादी जात असताना फरशी वर सरकत होती, हे विसरून चालणार नाही. बाजार थंड असताना राज्याने रेकनरचे दर एप्रिल २०१६ मध्ये सरासरी ७ टक्क्यांनी आणि एप्रिल २०१७ मध्ये ५.८६ टक्क्यांनी वाढवले. पुढची दोन वर्षं दर गोठवले, केंद्राने २०१८ मध्ये ५ टक्के आणि २०२० मध्ये १० टक्के तफावत माफ केली. शहाणपण आलं, पण हप्त्याहप्त्याने.

याला दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्हींत दम आहे. पहिला असा की बऱ्याच भागांत रेकनर बाजारभावाच्या पुष्कळ खाली होता, मग तो कुणाला आडवा येणार? दक्षिण मुंबईत किंवा चांगल्या इमारतीत तो क्वचितच आला असेल. पण रेकनर गट किंवा विभाग धरून चालतो, एकेका भिंतीपर्यंत जात नाही. इमारतीच्या वयाची आणि लिफ्ट नसण्याची सूट तक्त्यात सापडते. पश्चिमेच्या भिंतीची ओल, टँकरचं पाणी, खिडकीला चिकटून उभा राहिलेला टॉवर यांना तिथे रकाना नाही. जे घर स्वस्त द्यावं लागणार, तेच नेमकं फरशीला टेकतं. दुसरा आक्षेप मालकांच्या हट्टाचा: २०१२ चा भाव डोक्यात धरून बसले, म्हणून अडकले. हे मी नाकारत नाही. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास केला, तेव्हा तोट्यात जाणारे मालक जास्त भाव सांगतात आणि जास्त काळ थांबतात, असंच दिसलं होतं. मराठी मध्यमवर्गात तर घराचा आकडा लग्नाच्या पंगतीतही निघतो, आणि एकदा चारचौघांत सांगितलेल्या आकड्यावरून खाली यायला जड जातं. पण बोस्टनचा मालक कंटाळून शेवटी उतरला तर त्याला उतरता येत होतं. इथे कंटाळलेल्यालाही हिशेब बसवता येत नव्हता.

सप्टेंबर २०२० मध्ये याची एक परीक्षा आपोआप झाली. राज्याने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेर ३ टक्क्यांनी आणि पुढे मार्चअखेर २ टक्क्यांनी कमी केलं. मुंबईत ते ५ वरून २ टक्क्यांवर आलं आणि डिसेंबरात शहरात सुमारे साडेएकोणीस हजार दस्त नोंदले गेले, आदल्या डिसेंबरच्या तिपटीच्या आसपास. गृहकर्ज ७ टक्क्यांच्या घरात आलं होतं, टाळेबंदीने एक खोली जास्त हवीशी वाटू लागली होती, आणि पुढच्या महिन्यांतले काही व्यवहार मुदतीपायी आधी उरकले गेले, हे सगळं खरं. तरीही मुदतीच्या महिन्यात अशी झुंबड उडते, म्हणजे गिऱ्हाईक काठावर येऊन उभं होतं. त्याला करारातला आकडा न हलवता खर्च कमी करून मिळाला, एवढंच. बिल्डर वर्षानुवर्षं जे करत होता, ते यावेळी सरकारने सगळ्यांसाठी केलं.

सगळ्यांसाठी, पण थोडेच दिवस. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने रेकनर आणि करार यांतली तफावत २० टक्क्यांपर्यंत चालवून घ्यायचं ठरवलं, दोन कोटींपर्यंतच्या घरांना, ३० जून २०२१ पर्यंत. अट एक होती: घराची पहिलीच विक्री हवी. बिल्डरला मागच्या जिन्याच्या जोडीला पुढचाही मिळाला. रीसेलवाला दहा टक्क्यांवरच राहिला. त्यातल्या बऱ्याच जणांनी मग जाहिरात देणं सोडून फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने दिला. आज त्याच जुन्या इमारतींत पुनर्विकासाच्या सभा भरतात, आणि २०१७ मध्ये ७२ लाखांना द्यायला निघालेला मालक पहिल्या रांगेत बसून वाढीव कार्पेट किती मिळणार ते विचारतो.