ओल कुठून येते?

आमचा शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. मृगाने ओढ दिली की कवठे येमाईची माणसे आभाळाकडे डोळे लावून बसतात, आणि पुष्कळदा खरा पाऊस भेटतो तो गणपती उठल्यावरच. अशा गावात ‘घराला ओल आली’ ही तक्रार ऐकून परगावच्या माणसाला हसू येईल. परंतु जुन्या आळीतून एक फेरी मारावी. चुन्याचे पोपडे सुटलेल्या, पांढरा लोणा फुटलेल्या भिंती जागोजाग दिसतील. या ओलीवर पैसा खर्च होतो, आणि तो बहुधा चुकीच्या जागी होतो. तसे का होते, हे आमच्याच घरच्या उदाहरणावरून सांगतो.

आमचे घर आजोबांनी बांधलेले, दगडमातीचे. पुढे वाटण्या झाल्या आणि मधली दोन फूट रुंदीची भिंत सामाईक राहिली. अलीकडे आम्ही, पलीकडे थोरले चुलते. आमच्या बाजूला, आजीच्या खाटेमागे, त्या भिंतीवर ओलीचा डाग उठला. वडील म्हणाले, “दादांची मोरी झिरपतीय.” ते चुलत्यांच्या कानी गेले. त्यांचा निरोप आला, “आधी स्वतःचा स्लॅब बघा म्हणावं.” वडिलांनी कांद्याच्या पैशातून गवंडी लावला आणि कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. वर्ष गेले, आणि डाग गिलाव्याच्या वर, छातीएवढ्या उंचीवर डोकावू लागला. तोवर दोन्ही घरांतले बोलणे बंद झाले होते. त्या दिवाळीला फराळाची ताटेही इकडून तिकडे गेली नाहीत. आजी मात्र त्याच भिंतीला टेकून खोकत राहिली.

इतिहासाच्या तासाला आम्हाला साधनांची चिकित्सा शिकवतात. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, का लिहिला, हे विचारल्यावाचून त्यावर विश्वास ठेवायचा नाही. भिंतीवरच्या डागालाही हेच प्रश्न विचारता येतात. तो किती उंचीवर आहे? केव्हा वाढतो? कोणत्या बाजूला गडद आहे? कारण पाणी जेथे दिसते तेथेच ते शिरलेले असते असे नाही.

घरात ओल येण्याचे मार्ग मोजके आहेत. पहिला वरून. स्लॅबला भेग असेल किंवा पन्हळ तुंबली असेल तर डाग छताकडून खाली उतरतो आणि पावसानंतर काही तासांत वा एखाद्या दिवसात वाढतो. दुसरा बाजूने. वाऱ्यापावसाचा मारा ज्या भिंतीवर बसतो तिच्यात, विशेषतः खिडकीच्या कडेने, पाणी शिरते. तिसरा नळ आणि मोरी यांचा. हा डाग पावसाची वाट पाहत नाही, तो बारमाही असतो. रात्री सर्व तोट्या बंद करूनही मीटरचा काटा फिरत असेल तर नळ फुटला आहे असे समजावे.

चौथा मार्ग हवेचा. ३० अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. तीच हवा २० अंशांपर्यंत थंड झाली की सुमारे १७ ग्रॅमच मावते. उरलेली वाफ गार पृष्ठभागावर दव होऊन बसते. म्हणून चुलीची वाफ कोंडणाऱ्या खोलीत भिंत बाहेरून पाणी न येताही ओलसर होते. भिंतीत क्षार असले तर आणखी एक गंमत घडते. बरणीतले मीठ पावसाळ्यात पाझरते ना? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतलेच पाणी ओढून घेते. लोणा लागलेली भिंतही आभाळ भरून आले की तशीच ओली होते, आणि आपण उगाच स्लॅबला दोष देतो.

पाचवा मार्ग जमिनीचा. कंदिलाची वात तेल वर खेचते, तसे भिंतीतील बारीक छिद्रांतून पाणी वर चढते. छिद्र जितके बारीक, तितके पाणी उंच चढते, हा नियम इंग्लंडमधील वैद्य जेम्स ज्युरिन याने १७१८ साली मांडला. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटीमीटर चढते, तर एकदशांश मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटीमीटर. टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रातली रांजणखळगी आपण पाहिली असतील. त्या काळ्या कातळात पाणी साठून राहते, सहज मुरत नाही. आमच्या भिंतीचा दगडही तसाच. ओल चढते ती दगडांमधल्या मातीतून. म्हणूनच नव्या बांधकामात जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा काँक्रीटचा थर देतात. आजोबांच्या काळच्या घराला तो कुठला असणार!

हे वाचून झाल्यावर मी एक वही केली. भिंतीवर डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली आणि दर रविवारी उंची लिहू लागलो. स्लॅबवर मातीचे बांध घालून दोन दिवस बोटभर पाणी साठविले. डाग हलला नाही. स्लॅब निर्दोष ठरला. चुलतीला विनंती केली, तिने दोन आठवडे मोरी कोरडी ठेवली. तरी फरक नाही. मोरीही सुटली. मग फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी भिंतीला घट्ट चिकटविला. खोलीतल्या हवेचे दव असते तर थेंब कागदाच्या बाहेरच्या अंगाला दिसले असते. दोन दिवसांनी ते आतल्या अंगाला, भिंतीकडून आलेले दिसले.

शेवटी चुलत्यांच्या घरात जाऊन भिंतीलगतची धान्याची कोठी बाजूला सरकविली. मागे तसाच डाग होता, तेवढ्याच उंचीचा! दोन्ही डाग जमिनीपासून सुरू झालेले आणि दोन्ही बोळाच्या टोकाला अधिक गडद. चुलते बराच वेळ पाहत उभे राहिले, आणि मग त्यांनीच वडिलांना हाक मारली.

बोळाचे कोडे आजीने सोडविले. ती म्हणाली, “मी नांदायला आले तवा दाराला तीन पायऱ्या होत्या. दोन कुठं गेल्या?” त्या जमिनीखाली गेल्या होत्या. वर्षानुवर्षे बोळात मुरूम पडला, त्यावर काँक्रीट झाले, आणि बोळ जोत्याच्या वर आला. पावसाचे आणि सांडपाण्याचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरत राहिले. पूर्वी ते मातीच्या गिलाव्यातून वाळून जाई. सिमेंटने ती वाट बंद केली, तेव्हा पाणी जेथे उघडी भिंत मिळेल तेथवर चढले. म्हणजे आम्ही पैसे देऊन डाग वर चढविला होता.

दोन्ही घरांनी मिळून भिंतीच्या कडेची पट्टी खणून खाली उतरविली, उताराचे पक्के गटार केले, सिमेंट खरवडून काढले आणि चुन्याचा गिलावा दिला. खर्च निम्मानिम्मा. एवढ्याने भिंत लगेच वाळत नाही. जाड भिंतीला इंचामागे एक महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. आमच्या दोन फुटांच्या भिंतीला त्या मानाने दोन वर्षे लागतील. तोवर आजीची खाट दुसऱ्या खोलीत हलविली आहे.

वाचकहो, आपल्या घरी डाग उठला तर गवंड्याला बोलावण्याआधी पेन्सिलीची एक रेघ मारावी आणि महिनाभर पाहावे. भिंत सामाईक असेल तर भांडण काढण्याआधी पलीकडे जाऊनही पाहावे. आमच्या रेघेखाली पहिली तारीख माझ्या अक्षरातली आहे. त्यानंतरच्या तारखा मात्र चुलते आणि वडील आळीपाळीने घालतात, आणि ओल बोटभर उतरली की एकमेकांना हाक मारून दाखवितात.