गादी रिकामी, बैठक भरलेली

चिमूर, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यातल्या गावात दिवेलागणीच्या सुमारास पोचलं, तर प्रार्थनेची जागा कुणाला विचारावी लागत नाही. खराट्याचा आवाज येतो तिकडे जायचं. मी गेले तेव्हा झाडत होते एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्यामागे सडा टाकत होती सातवीतली मुलगी. झाडायला पगारी माणूस नाही, कुणाची पाळी लावलेली नाही. ज्याचे हात आधी मोकळे होतात तो खराटा उचलतो. मग सतरंज्या उलगडतात. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया, मधून माणूस जाईल एवढी वाट. चपला भिंतीकडेला जोडीजोडीनं, सरळ रेषेत. एका लहान पोरानं आपली चप्पल तशीच भिरकावली, तर त्याच्या आजीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो परत गेला आणि नीट लावून आला.

समोर अधिष्ठान मांडतात. पाटावर गादी, मागे लोड, वर पांढरीशुभ्र चादर, बाजूला उदबत्ती. चादरीची सुरकुती काढायला गुरुजींनी तळहात तीनदा फिरवला. या गादीवर कुणी बसत नाही आणि तिच्यावर मूर्तीही ठेवत नाहीत. श्रीगुरुदेव सेवा मंडळाची ही सामुदायिक प्रार्थना. इथला ‘गुरुदेव’ हा कुणी एक माणूस नसून तत्त्व आहे, म्हणून जागा रिकामी. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्टीत श्रद्धा रोज कशी जगली जाते हे बघायचं, तर यात्रेपेक्षा या अर्ध्या तासाला येऊन बसावं असं मला वाटतं.

हे मंडळ उभं करणाऱ्या तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. गुरुकुंज आश्रम त्यांनी १९३५ साली मोझरीला उभारला, तोही अमरावती जिल्ह्यातच. तरी चंद्रपूरची माणसं त्यांना आपलंच मानतात आणि त्याला कारण आहे. तरुणपणी ते ताडोबाच्या जंगलात आणि रामदिघीच्या परिसरात राहिले, चिमूरला वारंवार आले. १६ ऑगस्ट १९४२ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटलं. उठलेल्या माणसांच्या कानांत महाराजांची भजनं होती. त्याच महिन्यात त्यांना चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं गेलं. गावातल्या म्हाताऱ्यांकडे या गोष्टी आईबापांकडून आलेल्या आहेत. खंजिरी हातात घेतली की त्या आपोआप निघतात.

त्या खंजिरीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. लाकडी कडं, त्यात पितळी चकत्या, एका बाजूनं मढवलेली. पूर्वी ती घोरपडीच्या कातड्यानं मढवत. आता घोरपडीला हात लावला तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि जंगलाला लागून असलेल्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून बकऱ्याचं कातडं किंवा प्लास्टिकचा पडदा. कातड्याची खंजिरी पावसाळ्यात सादळते, आवाज बसतो. चुलीजवळ धरून ती शेकावी लागते. वाजवणारे काका अंगठ्यानं मधोमध दाबून कानाजवळ नेत, मान हलवत, पुन्हा शेकत. प्लास्टिकची घेतली तर ही कटकट उरणार नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, “वाजते जी तेही. पन बोलत नाही.” पेटीवर बसलेला तरुण हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत साथीला असतो. वडशाच्या नाटक मंडळ्यांकडून बोलावणं आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत रात्री त्याच्या नसतात. पण गावात असला की सांजेला इथं.

वेळ झाली की कुणी हाक देत नाही. भोंग्यावर एक ओळ लागते आणि घराघरांतून माणसं निघतात. पाठ ताठ, मांडी, डोळे मिटलेले. शब्द हिंदी, उच्चार अस्सल झाडीचे. मागणं काय, तर जग चांगलं व्हावं, वागणं सुधारावं, माणसामाणसांतला भेद जावा. पोरं, पैसा, पीक यांचा नवस त्यात नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या घरात धानाची बांधी पावसावर आणि कर्ज सोसायटीवर टांगलेलं आहे, त्या घरातल्या बाईनं रोज अर्धा तास स्वतःसाठी काहीच मागायचं नाही, ही साधी गोष्ट नव्हे. मग थोडं मौन. मग सगळे उभे राहून राष्ट्रवंदना. त्यानंतर महाराजांच्या ग्रामगीतेतल्या काही ओव्या आणि त्यावर कुणीतरी चार शब्द बोलायचं. त्या दिवशी पाळी एका शेतमजूर बाईची होती. विषय निघाला विहिरीजवळच्या घाणीचा. बोलताना तिचा आवाज कापत होता, पण ज्याच्या दारातली नाली तुंबली होती त्याचं नाव न घेता तिनं सगळं सांगितलं. १९५५ साली लिहिलेल्या त्या ग्रंथात प्रार्थनेइतकीच जागा गावाच्या सफाईला, आरोग्याला आणि स्त्रियांच्या उन्नतीला आहे, तेव्हा ती विषय सोडून बोलली असं कुणालाच वाटलं नाही.

पगारी पुरोहित नसलेला धर्म किती दूरवर सारखा दिसतो! अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन चर्चमध्येही स्थानिक मंडळीचा बिशप हा नोकरी-धंदा करणारा शेजारीच असतो. त्याला चर्चचा पगार नाही. रविवारी प्रवचन करायला सभासदांनाच उभं करतात. दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. सोमवारची संध्याकाळ घरच्या सगळ्यांनी एकत्र बसायची ही त्यांची जुनी रीत.  श्रद्धा वेगळ्या, देव वेगळा, ग्रंथ वेगळा. तरी त्यांच्यातले लोक आपल्या समाधानाचं कारण सांगतात ते इथल्या सतरंजीवरच्या माणसाला लगेच कळेल: मला काम दिलेलं आहे, मी आलो नाही तर कुणाला तरी कळतं.

‘कुणाला तरी कळतं’ याचा खरा अर्थ दारूपाशी समजतो. मोहाच्या झाडांचा हा मुलूख. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी आली. त्याच मागणीसाठी चंद्रपूरच्या बाया ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेच्या झेंड्याखाली २०१० साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. २०१५ला जिल्ह्यात बंदी झाली आणि २०२१ला उठली. कायदा आला आणि गेला. बंदीच्या बाजूचे आणि विरुद्धचे सगळे युक्तिवाद मी ऐकले आहेत, मला बाया बरोबर होत्या असंच वाटतं. पण या बैठकीत जे चालतं ते कायद्यावर अवलंबून नाही. पिऊन आलेल्याला इथं हाकलत नाहीत, मागे बसवतात. लागोपाठ दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्याच्या घरी जाऊन चहा पितात. बोलणं धानाच्या भावाचं.

बायांच्या रांगेत माझ्या शेजारी बसलेल्या मावशींना मी नंतर विचारलं, यातून तुम्हाला काय मिळतं? त्या लुगड्याचा पदर खोचत म्हणाल्या, “आमच्या घरी आता सांजेले भांडन नाही. भात गरम खातो.” थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाल्या, की सासू जिवंत होती तेव्हा घराबाहेर निघायला एवढंच कारण चालायचं. प्रार्थनेला जाते म्हटलं की कुणी अडवत नव्हतं. इथंच त्या लोकांसमोर बोलायला शिकल्या, बचत गटाच्या अध्यक्ष झाल्या, तहसीलदारासमोर उभ्या राहिल्या. हसताना त्यांचे सगळे दात दिसत. सुख हा शब्द त्यांनी वापरला नाही, मीही पुढे काढला नाही.

सगळं गाव इथं बसत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, तेव्हापासूनची बौद्ध घरं विहारात वंदनेला जातात. दोन्हीकडचे भोंगे एकमेकांवर चढू नयेत म्हणून वेळा ठरवून घेतलेल्या आहेत. आणि एक तिसरा वाटेकरी आहे, वाघ. ताडोबाच्या भोवती आणि ब्रह्मपुरी वन विभागात अंधार पडल्यावर एकट्यानं फिरायची सोय राहिलेली नाही. टोल्यावरची माणसं टॉर्च घेऊन घोळक्यानं येतात, घोळक्यानं परततात. सांजेच्या प्रार्थनेसारखं पहाटे ध्यानही असतं; मार्च-एप्रिलमध्ये ते ओस पडतं, कारण बाया उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला जंगलात गेलेल्या असतात. वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या नेमक्या त्याच दिवसांत येतात. त्यांना ध्यानाला या म्हणून कुणी सांगत नाही. त्यांची फुलं वाळली की त्या येतात.

मला खटकलेली गोष्ट एकच, आणि ती जिव्हाळ्यापोटीच सांगते. कितीतरी ठिकाणी रिकाम्या गादीशेजारी महाराजांची तसबीर असते, दरवर्षी ती मोठी होते आणि हार जाड होतात. पुण्यतिथीच्या मंचावर पुढाऱ्यांच्या खुर्च्या वाढतात आणि खंजिरीवाले खाली सरकतात. ज्यानं समोरची जागाच मोकळी ठेवायला शिकवलं, त्याच्यासाठी ती भरून टाकणं हे मला पटत नाही. गुरुजींनाही पटत नाही, पण ते म्हणाले, लोकांना चेहरा लागतो, काय करता.

महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ला, आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. दरवर्षी त्या तिथीला त्याच मिनिटाला मोझरीत लाखो माणसं मौन पाळतात. धानपट्टीतली गावं मात्र आपला पुण्यतिथी महोत्सव कापणी-मळणी उरकल्यावर, हिवाळ्यात घेतात. रामधून, ग्रामसफाई, भजनमंडळं, गोपालकाला, महाप्रसाद.

मी गेले त्या सांजेला प्रार्थनेनंतर याचीच बोलणी होती. घरटी तांदूळ किती, सरपण कुणाच्या बैलबंडीतून, भांडी कुठून. मागच्या वर्षीचा हिशेब वहीतून मोठ्यानं वाचला गेला, तेलाच्या डब्यापर्यंत. मग एका तरुणानं रामधूनसाठी डीजे आणावा असं सुचवलं आणि दोघातिघांनी मान डोलावली. मावशी उठल्या. म्हणाल्या, डीजेचे पैसे बाहेरगावाहून येणाऱ्या भजनमंडळांच्या गाडीभाड्याला द्या, मागच्या साली ते रात्री जंगलातून पायी गेले. वाद बराच चालला. तरुणानं वाघाचं नाव ऐकल्यावर माघार घेतली, पण पेटीला एक चांगला माईक हवाच असं बजावलं. माईक मंजूर झाला, गाडीभाडंही मंजूर झालं, आणि गुरुजींनी दोन्ही रकमा तिथंच वहीत लिहून घेतल्या.