मूत्रपिंडाच्या वाटेवरील हृदयपरीक्षा

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या घरात साऱ्यांचे लक्ष एकाच प्रश्नाकडे लागलेले असते. नवे मूत्रपिंड कोठून मिळणार? आई देणार, पत्नी देणार, की मेंदूमृत दात्याच्या आशेने प्रतीक्षायादीत नाव घालावयाचे? या विवंचनेत एक गोष्ट मागे पडते. या रुग्णाच्या जिवाला असलेला सर्वांत मोठा धोका पुष्कळदा मूत्रपिंडात नसून हृदयात असतो. डायलिसिसवर असलेल्यांच्या मृत्यूची जी कारणे जगभर नोंदली जातात, त्यांत हृदयविकार अग्रभागी आहे. पाश्चात्त्य देशांत तर नवे मूत्रपिंड उत्तम चालू असताना दगावणाऱ्या रुग्णांतही तो एक प्रमुख कारण ठरला आहे. रोपणापूर्वी हृदय तपासून घ्यावे, हा दंडक त्यातूनच निर्माण झाला. दंडकाचा हेतू निर्विवाद आहे. वाद आहे तो कोणाचे हृदय किती तपासावे आणि दोष सापडल्यास काय करावे, याविषयी.

मूत्रपिंड आणि हृदय यांचे दुखणे एकमेकांत गुंतलेले असते. मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही अवयवांचे समाईक वैरी. त्यात मूत्रपिंडे थकली की कॅल्शियम व फॉस्फरस यांचा तोल बिघडून रोहिण्यांच्या भिंतींत चुना साचू लागतो, रक्त कमी होते आणि दोन डायलिसिसांच्या मधल्या काळात साठणाऱ्या पाण्याचा भार हृदयावर पडून त्याची भिंत जाड होते. शिवाय धोक्याची सूचना मिळेलच असे नाही. मधुमेहाने मज्जातंतू बधिर झालेल्या रुग्णाच्या छातीत कळ येत नाही, आणि धाप लागली तर ती अंगात साठलेल्या पाण्यामुळे असावी असे मानले जाते.

दंडक कसा रुजला?

१९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसविले आणि यशस्वी रोपणाचे युग सुरू झाले. भारतात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ही मजल गाठली. आरंभीच्या काळात रोपण होई ते मुख्यतः तरुण रुग्णांचे. पुढे पन्नाशी-साठी गाठलेले, मधुमेहाने ग्रासलेले रुग्णही स्वीकारले जाऊ लागले आणि हृदयाचा प्रश्न ऐरणीवर आला. १९९२ साली अमेरिकेतील एका चाचणीने असे दाखविले की, हृदयरोहिण्यांत अडथळे असलेल्या मधुमेही रुग्णांचे अडथळे रोपणापूर्वी दूर केले, तर औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा त्यांची स्थिती चांगली राहते. ही चाचणी अवघ्या २६ रुग्णांवर झाली होती, आणि कोलेस्टेरॉल उतरविणारी आजची औषधे त्या काळी सर्रास वापरात नव्हती. तरीही ‘आधी अडथळा काढा, मग रोपण करा’ या धोरणाला तिने मोठे बळ दिले.

व्यवहारात या धोरणाची साखळी लांबत जाते. थकलेल्या रुग्णाला पट्ट्यावर चालवून चाचणी घेणे कठीण, म्हणून औषधाने हृदयाची गती वाढवून इको काढावयाचा किंवा किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन करावयाचा. या दोन्ही चाचण्या मूत्रपिंडाच्या रुग्णांत कधी खरा दोष हुकवितात, तर कधी नसलेला दाखवितात. संशय आला की अँजिओग्राफी. अडथळा दिसला की स्टेंट. स्टेंट बसविला की रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे काही महिने चालू ठेवावी लागतात, आणि तोवर रोपणाची शस्त्रक्रिया लांबणीवर पडते.

पुरावा काय सांगतो?

२०२० साली ‘इस्किमिया-सीकेडी’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत ३० देशांतील ७७७ रुग्ण होते व भारतही सहभागी होता. सर्वांची मूत्रपिंडे अत्यंत क्षीण झालेली होती आणि ताणचाचणीत हृदयाचा रक्तपुरवठा बराच कमी आढळला होता. निम्म्यांची अँजिओग्राफी करून आवश्यक तेथे स्टेंट किंवा बायपास करण्यात आले. उरलेल्यांना प्रथम केवळ औषधांवर ठेवले. तीन वर्षांत मृत्यू किंवा हृदयाघात ओढवण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३६.४ टक्के, तर दुसऱ्यात ३६.७ टक्के निघाले. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. उलट पहिल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले. २०२१ साली ब्रिटनमधील अडीच हजारांवर रोपणांचा आढावा प्रसिद्ध झाला. तेथील केंद्रांपैकी कोठे ५ टक्के रुग्णांची अशी तपासणी होई, तर कोठे शंभर टक्के. पण तपासणी झालेल्यांना रोपणानंतर हृदयविकारापासून अधिक संरक्षण मिळाले, असे दिसले नाही.

या आकड्यांचा विपर्यास मात्र होऊ नये. तीन वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक रुग्णांवर मृत्यू किंवा हृदयाघात ओढवावा, यावरून हृदयाची उपेक्षा परवडणारी नाही हेच सिद्ध होते. शिवाय ज्यांना नुकताच हृदयाघात झाला आहे, औषधांनीही छातीची कळ थांबत नाही, डाव्या मुख्य रोहिणीत अडथळा आहे किंवा हृदयाची शक्ती फार घटली आहे, असे रुग्ण त्या चाचणीत घेतलेलेच नव्हते. त्यांची अँजिओग्राफी व पुढील उपचार टाळून चालणार नाहीत. प्रश्न आहे तो लक्षणे नसलेल्यांचा. त्या सर्वांना सरसकट, आणि तेही दरवर्षी, या साखळीतून नेण्याला आता आधार उरलेला नाही.

प्रतीक्षेची किंमत

सरसकट तपासण्यांमागे डॉक्टरांची एक भीती असते, ती समजण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हृदय बंद पडले तर ‘आधी तपासले का नाही?’ हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो. परंतु तपासण्यांच्या फेऱ्यांत रोपण लांबले आणि रुग्ण डायलिसिसवरच दगावला, तर त्याची नोंद कोणत्याही शस्त्रक्रियेच्या खात्यावर पडत नाही. वस्तुतः डायलिसिसचे प्रत्येक वर्ष हृदयाला अधिक जीर्ण करते. मूत्रपिंडविकाराने दुबळे झालेले हृदय रोपणानंतर सुधारल्याची उदाहरणे तर पुष्कळ आहेत. म्हणूनच इकोतील एका आकड्यावर बोट ठेवून रुग्णाला परत पाठविणे अन्यायाचे ठरते. मासिक वेतनावर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक जादा तपासणी म्हणजे खर्च, बुडालेली हजेरी आणि शहराची आणखी एक फेरी. मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड तर जेमतेम दिवसभर टिकते. मध्यरात्री निरोप आला आणि हृदयतपासणीचा कागद अपुरा निघाला, तर ती संधी दुसऱ्याकडे जाते.

उपाय अवघड नाही. प्रत्येक रुग्णाची कसून विचारपूस व्हावी: दोन जिने न थांबता चढता येतात काय, पूर्वी हृदयविकार झाला होता काय, मधुमेह किती वर्षांचा आहे. ईसीजी सर्वांचा काढावा. इको डायलिसिसनंतर, अंगातील जादा पाणी निघून गेल्यावर काढावा. पुढील चाचणी लक्षणे किंवा ठळक धोका असलेल्यांपुरती ठेवावी, आणि तिच्या निकालाने उपचारांत काय फरक पडणार हे आधीच ठरवावे. रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवरील औषधे नेमाने चालावीत. विडी, तंबाखू आणि मिश्री सुटावी. मूत्रपिंडतज्ज्ञ, हृदयतज्ज्ञ व शल्यविशारद यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा आणि रोपण पुढे ढकलावयाचे असेल, तर त्याचे कारण व मुदत रुग्णाच्या हाती लेखी द्यावी. इतके झाले, तरी जीव वाचविण्यासाठी घालून दिलेल्या दंडकापायीच एखाद्याची रोपणाची संधी हुकण्याचे प्रसंग कमी होतील.