एआय एजंटसाठी डॉक्युमेंटेशन लिहिताना: आम्ही तीन आठवड्यांचे निकाल कसे घालवले

आज एक चूक सांगतो आणि तिच्यातून काय शिकलो तेही.

आमच्या लॅबमध्ये कोड सर्व्हरवर चढवायची एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती मीच लिहिली, तिची रीडमीसुद्धा माझीच. एका ज्युनिअरने आपल्या एआय एजंटला सांगितलं, "रीडमी वाच आणि नवा कोड सर्व्हरवर टाक." एजंटने वाचलं, पहिलं उदाहरण उचललं आणि चालवलं. कोड व्यवस्थित चढला. पण त्याच फोल्डरमधले तिचे तीन आठवड्यांचे निकाल पुसले गेले. बॅकअपमधून निम्मे मिळाले, बाकीचे प्रयोग तिने पुन्हा केले.

चूक कोणाची? माझी. स्क्रिप्टच्या पोटात आरसिंक आहे, तेही डिलीट पर्यायासह. म्हणजे जी फाइल आपल्या मशीनवर नाही, ती सर्व्हरवरूनही काढून टाकली जाते. आधी निकालांचं फोल्डर बाहेर हलवायचं, हे आम्हा जुन्या लोकांना माहीत होतं. चहा पिताना एकमेकांना सांगितलेलं. लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं.

मायकल पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञ-तत्त्वचिंतकाने 'टॅसिट नॉलेज' ही कल्पना मांडली: आपल्याला सांगता येतं त्यापेक्षा जास्त आपल्याला ठाऊक असतं. पण आमची सबब तेवढीही चांगली नव्हती. आमचं ज्ञान सहज सांगता येण्यासारखं होतं, फक्त लिहायचा कंटाळा केला.

आता एजंट म्हणजे काय, ते बघू. तो एक भाषा-मॉडेल आहे, ज्याच्या हातात कमांड चालवायची सोय दिलेली असते. तो मजकूर वाचतो, कमांड चालवतो, स्क्रीनवर आलेलं वाचतो आणि पुढचं पाऊल ठरवतो. माणूस अडला की शेजारच्याला विचारतो. एजंट बऱ्याचदा विचारत नाही. तुम्ही जिथे गप्प राहता, तिथे तो इतरत्र पाहिलेल्या पद्धतीने जागा भरून काढतो. म्हणून डिप्लॉयमेंट टूलचं डॉक्युमेंटेशन लिहिताना या चार गोष्टी बघा.

पहिली, अट आधी आणि कमांड नंतर. इशारा उदाहरणाच्या खाली असेल तर तो वाचायच्या आधीच कमांड चाललेली असू शकते. बारकावेही शब्दांत लिहा. आरसिंकमध्ये स्रोत फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतला माल जातो, नाही दिली तर अख्खं फोल्डर जातं. "उदाहरण बघून कळेल" हे चालणार नाही.

दुसरी, तालीम आणि प्रयोग वेगळे ठेवा. टेराफॉर्ममध्ये 'प्लॅन' काय बदलेल ते दाखवतं आणि 'अप्लाय' ते बदलतं. प्लॅन फाइलमध्ये साठवताही येतो. माणसाने तो वाचून होकार दिला की तोच प्लॅन लागू करायचा. ही दोन पावलं कोणी, कोणत्या क्रमाने टाकायची, हे स्पष्ट लिहा.

तिसरी, कमांड संपल्यावर मिळणाऱ्या आकड्याचा अर्थ सांगा. साधारण नियम असा की ० म्हणजे यश आणि बाकी काहीही म्हणजे अपयश. पण टेराफॉर्मच्या प्लॅनला सविस्तर एक्झिट कोडचा पर्याय दिला की ० म्हणजे काही बदल नाही, १ म्हणजे चूक आणि २ म्हणजे सगळं ठीक, पण बदल बाकी आहेत. हे माहीत नसलेला वाचक २ बघून नसलेली चूक दुरुस्त करायला निघेल.

चौथी, कमांड पुन्हा चालवली तर काय होईल ते लिहा. नेटवर्क तुटलं की एजंट तीच कमांड परत चालवून बघतो. अ‍ॅन्सिबलची बहुतेक मॉड्यूल्स "हे पॅकेज असलं पाहिजे" अशी अंतिम स्थिती विचारतात. ती आधीच असेल तर काहीच बदलत नाहीत. याला आयडेम्पोटन्स म्हणतात. तुमच्या टूलमध्ये हा गुण नसेल, तर "दोनदा चालवू नका, आधी स्थिती तपासा" असं लिहा आणि ती कशी तपासायची तेही द्या.

लिहून झालं की तपासा. नवीन सत्र उघडा, आधीचं संभाषण नको. फेकून देता येईल अशा मशीनवर एजंटला फक्त तुमचा मजकूर द्या आणि तेच काम अनेकदा करायला लावा. मॉडेलचं उत्तर दरवेळी तेच येईल असं नसतं, त्यामुळे एकदा जमलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. जिथे तो अडखळला, तिथे बहुतेक वेळा तुमचं एखादं वाक्य राहून गेलेलं असतं.

एक मात्र विसरू नका. डॉक्युमेंटेशन म्हणजे कुलूप नव्हे. "हे पुसू नका" असं लिहिणं वेगळं आणि पुसायची परवानगीच न देणं वेगळं. आता आमचे निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि डिप्लॉयच्या खात्याला तिथे लिहिता येत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला पीएचडी करायची आहे, हे कशाला? कारण तुमच्या शोधनिबंधातला 'पद्धती' हा भागही असाच वाचला जाणार आहे. दूरच्या गावातला कोणीतरी तो उघडेल आणि तुम्हाला विचारायला तुम्ही तिथे नसाल. त्या ज्युनिअरने आता रीडमी स्वतः लिहायला घेतली आहे. पहिली ओळ आहे: "चालवण्यापूर्वी, सर्व्हरवर कोणाचं काय आहे ते बघा."