मध्यरात्रीचे नागपूर आणि वैमानिकांच्या पाळ्या

धंतोलीवरून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे गेल्यावर लागणाऱ्या सोनेगाव विमानतळावर १९४९ साली रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असताना रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास येथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परतत. या सेवेची वाखाणणी सहसा टपालाच्या वेगासाठी होते. मात्र वैमानिकांच्या पाळ्या आखणाऱ्याला तिच्यात दिसते ती वेगळीच सोय, कारण प्रत्येक चमू जेथून निघाला तेथेच सकाळी पोहोचत असे.

चमूचे मूळ ठिकाण म्हणजे ‘बेस’, आणि बेसवरून सुरू होऊन बेसवरच संपणारी उड्डाणांची साखळी म्हणजे ‘पेअरिंग’. सर्व उड्डाणे अशा साखळ्यांत कमीत कमी खर्चात बसवणे ही पहिली पायरी, तर त्या साखळ्या रजा, प्रशिक्षण आणि विश्रांती सांभाळून प्रत्येकाच्या नावावर चढवणे, म्हणजे ‘रोस्टर’ तयार करणे, ही दुसरी. शक्य साखळ्यांची संख्या इतकी अफाट असते की संगणकही त्या सर्व मांडून पाहत नाही. तो थोड्या साखळ्यांपासून आरंभ करतो आणि खर्च घटवू शकतील अशाच नव्या साखळ्या शोधून त्यांत घालत जातो. साखळी जुळवण्यासाठी कधी एखाद्या चमूला प्रवासी म्हणून बसवून दुसऱ्या शहरी न्यावे लागते. त्याला ‘डेडहेड’ म्हणतात. ऐनवेळी कोणी आजारी पडल्यास उपयोगी पडावेत म्हणून काही जण ‘स्टँडबाय’ ठेवलेले असतात. हिशेब तपासणाऱ्याला हे राखीव मनुष्यबळ नेहमीच उधळपट्टी वाटते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०२४ च्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या सकाळी सहापर्यंत वाढवली आणि रात्रपाळीत सहाऐवजी दोनदाच विमान उतरवण्याची मुभा ठेवली. टपालसेवेतील चमू एकदा नागपुरात आणि एकदा घरी उतरत असल्याने ही मर्यादा त्याने पाळली असती, पण लागोपाठच्या रात्रींचा प्रश्न उरलाच असता. नियमांचा शेवटचा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला, आणि डिसेंबरमध्ये इंडिगोला पुरेशा वैमानिकांअभावी हजारो उड्डाणे रद्द करावी लागल्यावर रात्रपाळीच्या काही अटींतून तिला तात्पुरती सूट देण्यात आली.